दोष पुनरावृत्तीचा नाही, सारख्या अंतराचा आहे

एकच आकार वारंवार वापरल्याने हाताने केलेले शुभेच्छापत्र भेटवस्तूच्या वेष्टनासारखे दिसते, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. दोष आकाराचा नसून सगळी अंतरे आणि रंगाचा दाटपणा एकसारखा ठेवण्याचा आहे. भेंडी देठाकडून आडवी कापून तिचा ठसा उमटवून पाहावा: पाच पाकळ्यांचे फूल मिळते, आणि एकदाच रंगात बुडवून ती तीनचार वेळा दाबली, की प्रत्येक फूल आधीच्यापेक्षा फिकट उमटून ओळ हळूहळू दूर जात असल्याचा भास होतो. (कापलेल्या भेंडीचा चिकटपणा फडक्याने टिपून घ्यावा, नाहीतर पहिला ठसा हमखास फिसकटतो.) ए-४ आकाराच्या जाड कागदाचे दोन भाग करून प्रत्येकाला घडी घातली की १०.५ × १४.८ सेंमीचे कार्ड होते. त्यावर मी डाव्या कडेला पाच फुलांच्या जागा आखते, चौथे फूल मुद्दाम वगळते आणि तिथे एक लाल टिकली चिकटवते. पैठणीच्या काठाप्रमाणे नक्षी कडेला राहिली, की मधला मोकळा भाग मजकुराला मिळतो. चारही कडांना ठसे मात्र देऊ नयेत. त्याची थेट लग्नपत्रिका होते.