मदत हवी आहे : हॅरी पॉटरचा सातवा लावला, पोरं झोपली. सोडून पुढचा लावू का?

गच्चीवाला_मामा
भुसावळहून लिहितोय, घाईत आहे. सुट्टीला भाचा आलाय. त्याच्या नादाने गल्लीतली सहा-सात पोरं रोज रात्री आमच्या गच्चीवर. पाणी मारायचं, टाकीच्या पाइपाला चादर बांधायची, रोज एक हॅरी पॉटर. सहा झकास झाले. काल सातवा लावला नि विचका. हॅरी, रॉन, हर्मायनी तिघं तंबू ठोकतात, उपटतात, रेडिओ ऐकतात, भांडतात. भाचा दोनदा म्हणाला, "मामा, शाळा कधी येणार?" निम्मी पोरं आडवी झाली, बंद केला. उद्या महाराष्ट्र एक्सप्रेसने तो पुण्याला परत. आजचीच रात्र आहे. हा सोडून सरळ शेवटचा लावला तर समजेल का?

केळीबाग
भो, पोऱ्या किती वरीसना शे? नि हिंदी लावला का इंग्रजी?

पुस्तकवेडी
सोडायचा विचारही करू नका! सातव्या पुस्तकाचे दोन सिनेमे केले म्हणून हा रेंगाळतो, कबूल. पण पुस्तकात ती वणवण याहून मोठी आहे. आधी पुस्तक वाचून दाखवायचं होतं.

चाळीसगावकर
ताई, आज रात्रीत सातशे पानं वाचायची का त्यांनी?
मी २०१० साली थिएटरात पाहिला तेव्हा मीही वैतागलो होतो. परवा पुन्हा पाहिला, आता आठांत तोच आवडतो. शाळा नाही, मास्तर नाहीत, डोक्यावर हात ठेवणारं कुणी नाही. पोरांना कंटाळा येतो तो त्याचसाठी.

व्होल्टेज_डाऊन
चादर पांढरी आहे ना? मागून काळं कापड लावा, चित्र उठून दिसतं. नि प्रोजेक्टर स्टॅबिलायझरवर घ्या, आमचा उडाला.

गच्चीवाला_मामा
भाचा नऊ वर्षांचा, सगळ्यात लहान पाचचा. हिंदीत. रॉन रागावून निघून जातो तिथे बंद केला. चादरीचं विचारलं नव्हतं.

पुस्तकवेडी
अहो, हे आधी सांगायचं! रुळावर येण्याच्या तोंडावर बंद केलात. ते खलनायकाचं शापित लॉकेट तिघं आळीपाळीने गळ्यात घालतात ना, त्यानेच डोकी फिरतात. पुढे तलवार मिळते, रॉन परततो, लॉकेट फुटतं. मग तीन भावांची गोष्ट, ती तर सावल्यांच्या खेळासारखी ॲनिमेशनमध्ये आहे. पोरं उठून बसतील. फक्त रॉननंतर हॅरी-हर्मायनी तंबूत नाचतात ते पळवा. पुस्तकात नाहीच ते.

चाळीसगावकर
नाच पळवू नका! दोन मिनिटं दोघं हसतात, गाणं संपतं नि पुन्हा तोंडं उतरतात. अख्ख्या सिनेमात माझ्या लक्षात राहिलेलं तेवढंच.

पुस्तकवेडी
पाच वर्षांच्या पोराला काय त्याचं?

केळीबाग
नाच ऱ्हाऊ द्या. म्हातारीच्या घरातला साप पळवा. म्हातारीच्या अंगातून निघतो तो. आमची पोरगी आठवडाभर एकटी मोरीत गेली नव्हती.

खिचडी_मास्तर
यापेक्षा लॉर्ड ऑफ द रिंग्ज दाखवा. तिन्ही भाग सलग.

चाळीसगावकर
भाचा उद्या चाललाय, मास्तर.
मामा, हिशेब बघा. पहिला भाग १४६ मिनिटांचा, त्यातले साधारण सत्तर उरलेत. दुसरा १३०. साडेसातला अंधार पडतो, तेव्हा लावला तर अकराच्या आत आटपतं. पहिला सोडलात तर दुसऱ्याच्या सुरुवातीलाच समुद्रकाठी त्या लांबकान्या बुटक्या डॉबीची कबर दिसेल नि प्रत्येकजण विचारेल, हा कधी मेला?

गच्चीवाला_मामा
काय? डॉबी जातो?

पुस्तकवेडी
चाळीसगावकर, जरा तरी!! त्यांनी पाहिलेला नाही हो.

चाळीसगावकर
माफ करा मामा. मला वाटलं, पाहिलेला असेल.

व्होल्टेज_डाऊन
लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून घ्या आधी.

गच्चीवाला_मामा
सात वाजले, चादर बांधली. काळं कापडही लावलं, आता खूश? उरलेला आधी, मग शेवटचा. साप पळवणार, नाचाचं तेव्हा बघू. पण डॉबीने घोळ केलाय. दुसऱ्या सिनेमापासून भाचा त्याच्यामागे वेडा, आणि तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत तो आलाच नाही. रोज एकच प्रश्न. आत्ता जिन्यातून विचारलं, "मामा, आज डॉबी आहे?" मी हो म्हटलं. आता खाली गल्लीत ओरडून सगळ्यांना सांगतोय.