आईबाबांना पहिल्यांदाच क्रूझवर नेतेय, बाबांचा गुडघा दुखतो. मुंबई-गोवा की सिंगापूर?

अनुजा_डोंबिवली
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आईबाबांच्या लग्नाला ४५ वर्षं होतायत. यावेळी हॉल, फेटे, केक काही नको म्हणून आम्ही भावंडांनी त्यांना क्रूझवर न्यायचं ठरवलंय, सोबत मी आणि माझी ८ वर्षांची लेक. बाबा ७४, उजवा गुडघा पार गेलाय पण ऑपरेशनचं नाव काढलं की खोलीतून उठून जातात, काठी घेऊन सपाटीवर अर्धा तास चालतात, जिना मात्र नको. आई ६९, तिला वरंधा घाटात गाडी लागते तर समुद्रात काय होईल देव जाणे. दादा म्हणतो सिंगापूरहून मोठ्या बोटीने जा, मला वाटतं मुंबई-गोवा-मुंबई बरं, विमानाची दगदग नाही. बाल्कनीवाली केबिन घ्यावी का, पैसे बरेच जास्त आहेत? आणि आई शाकाहारी, वर डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार, उपासाचं काही मिळेल का? अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज, एजंट सगळ्यालाच हो म्हणतोय.

खारेदाणे
आम्ही मुंबईहूनच तीन रात्रींची केली होती, सासूसासरे बरोबर होते. आधी वाईट सांगतो. बोर्डिंगला बॅलार्ड पिअरला पोचल्यापासून केबिनमध्ये पाय टेकेपर्यंत अडीच तास, त्यातला बराचसा वेळ उभं. बॅगांना टॅग लावून त्या आधीच घेतात, मग ओळखपत्र, सिक्युरिटी, फोटो, कार्ड, प्रत्येक ठिकाणी रांग. तेव्हा व्हीलचेअर बुकिंग करतानाच लिहून मागा, बाबा नको म्हणाले तरी मागा, तिथे गेल्यावर "अहो नुसती बसायला" म्हणून गळ्यात घालता येते.

दुसरं, आमची केबिन बरोब्बर स्विमिंग पूलच्या डेकखाली आली. रात्री दीडला डोक्यावर खुर्च्या ओढायला सुरुवात, खर्रर्र करून, आणि पहाटे पाचला डेक धुणारे हजर. सासूबाई म्हणाल्या आपल्या वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू परवडले. त्यामुळे डेक प्लॅन नेटवर मिळतो तो उघडून वरतीही केबिन आणि खालतीही केबिन असलेलीच जागा घ्या. एजंट "आम्ही चांगली देऊ" म्हणेल, तुम्ही नंबर मागा.

बाल्कनीचं म्हणाल तर आम्ही तिथे एकूण तासभर बसलो असू. खिडकीवाली पुरते. बिनखिडकीची मात्र वयस्कर माणसांना घेऊ नका, सकाळ झाली का रात्र आहे कळत नाही, सासरे एकदा मध्यरात्री दाढी करून तयार.

जेवण भरपूर, व्हेज जैन सगळं होतं. उपासाचं विचारलंत तर फळं, दही, उकडलेला बटाटा यावर भागतं, साबुदाण्याची आशा नको. राजगिऱ्याच्या वड्या घरून न्या.

शिपवरचो_झील
मी सावंतवाडीचा, नऊ वर्षं क्रूझवर हाउसकीपिंगला काढली, आता घरी आंब्याचं बघतो. ताई, तुम्ही मुंबई का सिंगापूर विचारताय पण तुमच्या बाबांसाठी खरा प्रश्न बाथरूमचा आहे, तो कोणी विचारत नाही.

जुन्या बोटींवर केबिनच्या बाथरूमला उंबरठा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून, चांगला वीतभर सुद्धा असतो. शॉवरची जागा एवढीशी की साबण पडला तर वाकायचे वांधे, पडदा अंगाला चिकटतो. त्यात बोट हलली की गुडघेवाला माणूस आधी तिथेच पडतो, मी किती जणांना उचललंय. बहुतेक बोटींवर थोड्या केबिन दिव्यांग लोकांसाठी असतात, उंबरठा नाही, धरायला दांडे, बसून आंघोळ करायला स्टूल. त्या मोजक्याच म्हणून लवकर जातात, आत्ताच मागा. नाही मिळाली तर निदान लिफ्टच्या जवळची घ्या पण अगदी लिफ्टला लागून नको, आवाज येतो. बोटीचा कॉरिडॉर म्हणजे प्लॅटफॉर्म समजा, नाश्त्याला जायचं म्हणजे सुद्धा चाल असते.

आता बोट लागण्याबद्दल. मधोमध आणि खालच्या डेकवर हालचाल सगळ्यात कमी, पुढच्या टोकाला आणि वर सगळ्यात जास्त. म्हणजे महाग बाल्कनी घेऊन वर गेलात तर आईंनाच त्रास. डिसेंबरात आपल्याकडचा समुद्र बहुतेक शांत असतो, तरी गोळी पोटात आधीच हवी, उलटी सुरू झाल्यावर गिळून काय उपयोग. अ‍ॅव्होमिनने झोप येते, आणि काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असेल त्या माणसाला ती डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. बाकी मळमळ सुरू झाली की केबिनमध्ये झोपून मोबाईल बघणं बंद, बाहेर मोकळ्या डेकवर यायचं आणि लांब क्षितिजाकडे बघायचं. पोट रिकामं ठेवू नये, कोरडा खाकरा, आलेपाक, आवळासुपारी चालते. आम्ही क्रूवाले हिरवी सफरचंद खायचो.

थोडक्यात अजून: औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत, मोठी बॅग केबिनला यायला संध्याकाळ होते. इस्त्री, किटली नेऊ नका, काढून घेतात. एसी कडक असतो, आईंना शाल. बुफेला जाताना साबणाने हात धुवा, नुसत्या सॅनिटायझरने पोटाचा नोरोव्हायरस मरत नाही आणि एकाला झाला की डेकभर होतो. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर बोटीचं नेटवर्क आपोआप पकडतो आणि रोमिंगचं बिल बघून माणूस आडवा. सुरुवातीला आणीबाणीची ड्रिल असते, सात छोटे भोंगे आणि एक लांब, ती कंटाळा न करता करा आणि लेकीला आधी सांगून ठेवा, पोरं घाबरतात.

तिखट_लाक्सा
सिंगापूरहून लिहितेय, इथून तीनदा केलीय, एकदा आईबाबांना घेऊन. बोटी मोठ्या आणि नव्या, हालचाल कमी जाणवते, लिफ्ट भरपूर. पण कागदपत्रं नीट वाचा. बोट मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला येते म्हणजे तुम्ही दोनदा सिंगापुरात शिरता, व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना बघा. परत येतानाही एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात शिरायचा ऑनलाइन फॉर्म, पुन्हा भरायचं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. मलेशियाचं डिजिटल कार्ड वेगळं. आणि ज्या दिवशी बोट त्याच दिवशी सकाळचं विमान असं चुकूनही करू नका, फ्लाइट लेट झाली तर बोट थांबत नाही. एक रात्र आधी या.

गुडघ्यासाठी बंदर निवडा. पिनांगला बोट थेट धक्क्याला लागते, उतरलं की जॉर्जटाउन समोरच. फुकेतला बऱ्याचदा बोट समुद्रात उभी राहते आणि छोट्या लॉन्चने किनाऱ्यावर नेतात, त्या लॉन्चमध्ये पाय टाकताना दोन्ही बोटी हलत असतात, व्हीलचेअरवाल्याला कधी कधी नाहीच म्हणतात. माझे बाबा तिकडे बोटीवरच राहिले, रमी खेळत. अमेरिकन कंपन्यांची बोट असेल तर टिप माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर, लेकीचीही धरा, जाहिरातीतल्या भाड्यात ती नसते, पोर्ट चार्जेस टॅक्स पण बघा.

धक्क्यावरचे_काका
सगळं वाचलं. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने वेंगुर्ल्याला जायचो, डेकवर पथारी टाकायची, कोंबड्या, ट्रंका, फणस सगळं शेजारी, आणि बंदर आलं की बोट बाहेरच उभी, खाली होडीत उडी मारायची, होडीवाला दंडाला धरून ओढून घ्यायचा. बोट लागली तर आई लिंबू हुंगायला द्यायची, संपलं. आता त्याच समुद्रात काचेच्या लिफ्टमधून जायचे आणि रात्री डीजे ऐकायचा एवढे पैसे? माझं मत, चौघं मिळून कोकणात आठ दिवस राहा.

खारेदाणे
काका, त्या होडीत त्यांच्या बाबांचा गुडघा कोण उतरवणार?

धक्क्यावरचे_काका
तेही खरंच. माझाही आता उतरत नाही. जा बाई क्रूझने. पहाटे मात्र त्यांना डेकवर घेऊन बस, किनाऱ्यावरचे दिवे ओळखायची मजा आहे. पावसाळ्यात बोट बंद असायची, ऑक्टोबरात पहिल्या बोटीला आम्ही धक्क्यावर नुसतं बघायला जायचो.

अनुजा_डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः झीलदादा, बाथरूमचं डोक्यातच नव्हतं. एजंटला फोन केला, उंबरठा आहे का विचारलं, तो दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला मॅडम वास्तूचं बघताय का 😀. मुंबई-गोवाच ठरतंय. सीएसएमटीपर्यंत फर्स्ट क्लासने आणि पुढे टॅक्सी, म्हणजे विमानाचा प्रश्न नाही. गोव्यात बोट मुरगावला लागते आणि पणजी लांब पडते म्हणून बोगमाळोला दोन तास बसून परत येऊ. दिव्यांग केबिनसाठी ईमेल टाकलाय.

बाबांना आज सांगितलं. व्हीलचेअर ऐकून भडकले. मग शांत होऊन एकच विचारलं, बोटीवर सकाळी पेपर येतो का? येतो का हो?

शिपवरचो_झील
नाही येत. बोटीचं पत्रक दरवाजात टाकतात, त्यात जेवणाच्या वेळा असतात. आदल्या रविवारच्या पुरवण्या वाचायच्या ठेवून बॅगेत घाला, आणि शब्दकोडं सोडवायला पेन. केबिनमधलं पेन दुसऱ्या दिवशी हमखास हरवतं, आम्हीच शोधून शोधून थकायचो.