ठोकळ्यांचं प्रोग्रॅमिंग: शिक्षण की नुसता खेळ?

खाडीपलीकडचा मास्तर
मालवण तालुक्यातली आमची दोनशिक्षकी शाळा. पावसात लाईट गेली की कॉम्प्युटरवर फडकं. म्हणून सुताराकडचे उरलेले लाकडी तुकडे आणले, त्यांवर ‘एक घर पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘तीनदा कर’ यांची चित्रं रंगवली. दुसरीची मुलं ठोकळे ओळीने लावतात आणि एक जण यंत्र बनून व्हरांड्यात खडूने आखलेल्या घरांतून आंबा ठेवलेल्या घरापर्यंत चालतो. सात वर्षांच्या पोरांना स्क्रीन हवीच कशाला?

चितारआळी
गुरुजी, खेळ झकास, पण याला प्रोग्रॅमिंग म्हणू नका. यंत्र झालेलं पोर शहाणं असतं. समोर विहीर आखलेली असेल तर ठोकळा काहीही सांगो, ते थांबणारच. खरं यंत्र थेट आत! आपल्या मनातलं त्याला कळत नाही, हा पहिला धडाच तुमच्याकडे गळतो.

खाडीपलीकडचा मास्तर
अगदी हेच झालं. ‘डावीकडे वळ’ लावायचं राहिलं, तरी मुलगी वळली. आंबा कुठल्या घरात ते तिला दिसत होतं ना! मग डोळ्यांना पट्टी बांधली. पुढच्या खेपेला बाईसाहेब खांबावर. पोरं हसून लोळली आणि मग स्वतःच एकेक ठोकळा तपासत बसली. आणि हे माझं खूळ नाही हो. सेमूर पेपर्ट आणि मंडळींनी मुलांसाठी केलेली लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९६७ची. पुढे १९७०च्या दशकात रेडिया पर्लमनबाईंनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात वाचताही न येणाऱ्या मुलांसाठी खाचेत कार्डं बसवायचं यंत्र केलं. तेव्हा कुठली आली स्क्रीन?

चितारआळी
तिथे कार्डांच्या हुकमावर जमिनीवर ‘कासव’ नावाचा छोटा रोबो चालायचा, गुरुजी. यंत्रच! तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

दोन पोरांची आई
खांबावर?! डोकं फुटलं असतं म्हणजे? माझा दुसरीतला अजून जोडाक्षराला अडतो. २०२०च्या शैक्षणिक धोरणातसुद्धा कोडिंग सहावीपासून आहे. आधी वाचायला शिकवा.

खाडीपलीकडचा मास्तर
ताई, खांबाला आता गोणपाट बांधलंय. आणि चित्राखाली शब्द लिहायचं खरंच सुचलं नव्हतं. ‘पुढे’ सोपं आहे, ‘उजवीकडे’ला घाम फुटेल. सोमवारी रंगाचा डबा काढतो.

चितारआळी
लिहा. पण पट्टी बांधलेलं पोर ‘एक घर पुढे’ म्हटल्यावर कधी दीड घर जातं, कधी पाऊण. त्याचं काय?