मदत हवी आहे: ऑटोक्रॉसच्या जिप्सीला मागे कमानपाटे ठेवावेत की लिंक आणि कॉइल स्प्रिंग बसवावेत?

नमस्कार. मुरमाच्या मैदानावरील ऑटोक्रॉससाठी (आखलेल्या वळणांच्या मार्गावर वेळ मोजून होणारी शर्यत) मी सोलापुरात एक जुनी मारुती जिप्सी किंग तयार करत असून मागच्या सस्पेन्शनपाशी अडलो आहे. इंजिन 1.3 लिटरचे, व्हीलबेस 2375 मिमी, पुढे आणि मागे सॉलिड ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध आस) व कमानपाटे (लीफ स्प्रिंग). शर्यतीत गाडी केवळ मागच्या चाकांच्या जोरावर पळवायची आहे. आमच्या गटात मागचे सस्पेन्शन बदलण्यास मुभा आहे, तेव्हा नियमांची चर्चा इथे नको.

तीव्र वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाके थडथड आपटू लागतात. चॅसीखाली मोबाइल बांधून चित्रण केले, तेव्हा डिफरन्शियलचे (ॲक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा भाग) नाक चांगले दोन बोटे वर उचलले जाते, पाटे नागमोडी वाकतात आणि टायरची पकड सुटताच ते झटक्यात सरळ होतात, हे स्पष्ट दिसले. शॉकअप बदलूनही फरक पडला नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या कमानवाल्या काकांनी "एक पाटा वाढवा, विषय संपला" असे सांगितले; परंतु त्यांचा हात ट्रकच्या कमानींवर बसलेला आहे, आणि पाटा वाढवल्यास हलकी गाडी खड्ड्यांवरून नुसती उड्या मारेल, अशी मला भीती वाटते.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाटे तसेच ठेवून हाउसिंगपासून (ॲक्सलचे बाहेरचे कवच) चॅसीपर्यंत एक दांडा देणे आणि त्याचे पुढचे टोक शॅकलवर (झुलती कडी) सोडणे, म्हणजे तो पाट्यांशी भांडणार नाही. दुसरा मार्ग जिम्नीसारखा: दोन लांब आर्म, आडवा रॉड आणि कॉइल स्प्रिंग. मात्र त्यातला प्रत्येक आर्म ॲक्सलला दोन बुशांनी धरतो, त्यामुळे गाडी कलली की हाउसिंगलाच पीळ बसतो आणि ते अँटी-रोल बारसारखे वागते. माझे डिफरन्शियल साधे, म्हणजे लॉक न होणारे असल्याने आतले चाक हलके झाले की सगळा जोर तिथेच वाया जाईल.

म्हणून माझा कल तिसऱ्या मार्गाकडे आहे: खाली दोन लिंक (ॲक्सलला चॅसीशी जोडणारे दांडे), वर मधोमध एक आणि ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड, साधारण 2005 ते 2014 च्या फोर्ड मस्टँगसारखे. वॉट्स लिंकेजचा (ॲक्सलला वर-खाली होताना मधोमध ठेवणारी सांध्यांची जोडणी) विचार मी सोडून दिला, कारण 900 मिमी लांबीचा रॉड आडवा बसवला तर ॲक्सल 75 मिमी वर-खाली झाल्यावरही बाजूला जेमतेम 3 मिमी सरकतो. मुरमावर तेवढे कोणाला जाणवणार?

खरी चिंता वरच्या एकट्या लिंकची आहे. मागून सुमारे 300 किलोचा रेटा, खालच्या लिंक जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर आणि वरची त्यांच्याहून 20 सेंटिमीटर उंच, असे धरल्यास तिच्यावर 450 किलोचा ताण येतो, आणि ब्रेक लावताना तो उलट दिशेने फिरतो. जिप्सीचे हाउसिंग दाबलेल्या पत्र्याचे असल्याने त्यावर ब्रॅकेट वेल्ड करताना नळी वाकू नये म्हणून कोणती काळजी घ्यावी? वरची लिंक खालच्यांपेक्षा किती आखूड चालेल? तसेच आपल्याकडच्या धुळीत रोझ जॉइंट (लिंकच्या टोकाचा धातूचा गोल सांधा) किती शर्यती टिकतात, की रबरी बुशच बरे?

ज्यांनी स्वतः जिप्सीवर हे काम केले आहे त्यांनी शक्य झाल्यास ब्रॅकेटचे छायाचित्र टाकावे. येत्या रविवारी ॲक्सल खाली उतरवणार आहे, त्यामुळे मापांत काही चूक दिसल्यास त्याआधी सांगावे.