मदत हवी आहे: 'लुकिंग फॉरवर्ड टू'च्या पुढे काय? लवकर सांगा

मकरपुरावाला: मेल आजच जायला हवा. मी लिहिलेलं शेठनी खोडलं. बरोबर कोण? फक्त उत्तर द्या, उपदेश नको.

ग्रामरताई: काय लिहिलं, काय खोडलं, मेल कोणाला? काहीच सांगितलं नाहीत, भाऊ.

मकरपुरावाला: गिऱ्हाईकाला, अजून कोणाला! परदेशातून व्हॉल्व्ह बघायला येतायत.

बडोदेकर तात्या: आम्ही नोकरीभर शेवटी 'प्लीज डू द नीडफुल' लिहिलं, कामं झाली. तेच टाक.

ग्रामरताई: तात्या, पाहुण्यांना 'नीडफुल' करायला सांगायचं? व्हॉल्व्ह काय तेच बसवणार? मूळ वाक्य द्या हो कुणीतरी.

मकरपुरावाला: 'टू मीटिंग यू' लिहिलं होतं. शेठ म्हणतात मीटिंग ठरलेलीच नाही, 'टू मीट यू' कर.

राँगसाइड: शेठ बरोबर. टू नंतर क्रियापद मूळ रूपात, पाचवीत शिकवतात. 'आय वॉन्ट टू गो'. विषय संपला.

ग्रामरताई: नाही संपला. तो टू वेगळा. 'लुकिंग फॉरवर्ड टू युवर व्हिजिट' चालतं ना? म्हणजे या टूला पुढे नाम लागतं, आणि क्रियापद घालायचं तर ते आयएनजी लावून नामासारखं करूनच. 'वॉन्ट टू युवर व्हिजिट' म्हणून बघा, होतंय का. 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे पूर्वी लवकर उठायचो. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे अंगवळणी पडलंय. दोन्ही बरोबर, टू मात्र दोन.

राँगसाइड: नेटवर 'टू मीट यू' ढिगाने सापडतं.

ग्रामरताई: तुमच्या नावासारख्या स्कूटरीही ढिगाने सापडतात.

जुनी वही: सुरुवात 'डियर सर' असेल तर शेवटी 'योर्स फेथफुली', नाव घातलं असेल तर 'योर्स सिन्सिअरली'. ब्रिटिश रीत.

मकरपुरावाला: ते विचारलंच नाहीये! शेठ समोर उभे आहेत.

ग्रामरताई: मग वादच नको. 'वी लुक फॉरवर्ड टू युवर व्हिजिट'. मीटिंग नाही, मीटही नाही. 'वी आर लुकिंग'पेक्षा जरा औपचारिकही आहे, धंद्याच्या पत्राला शोभतं.

बडोदेकर तात्या: पाहुणे तिखट खातात का? रावपुऱ्यात सेवउसळीला न्या.

राँगसाइड: तात्या, पहिल्याच दिवशी? ऑर्डर जाईल हातची.

मकरपुरावाला: व्हिजिटवालं चाललं, मेल गेला. 'डियर सर'च होतं, फेथफुली केलं.

बडोदेकर तात्या: तिखटाचं विचारलंस का त्यात?