टॅबलेट मोड? आधी कीबोर्ड बघा

स्टीम डेकला, म्हणजे हातात धरून गेम खेळायच्या छोट्या कॉम्प्युटरला, टॅबलेट मोड दिला की वेगळा टॅब घ्यायला नको, असं एकाने पोस्टमध्ये म्हटलंय. मला नाही पटत. ओएलईडी स्क्रीनवाला डेक 640 ग्रॅमचा, स्क्रीन 7.4 इंची, आणि बाजूच्या मुठी काही निघत नाहीत. सोलापुराहून पुण्याला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये डेस्कटॉप मोडवर (यात तो साध्या कॉम्प्युटरसारखा चालतो) पीडीएफ वाचून बघितली. कुर्डुवाडी यायच्या आत मनगट भरून आलं. उभा धरला तर खालची मूठ पोटात रुतते! पहिल्या निन्टेंडो स्विच या गेम कन्सोलचे जॉय-कॉन, म्हणजे बाजूचे कंट्रोलर, काढले की 297 ग्रॅमची पाटीच उरते, पण तिच्यात साधा ब्राउझर नाही.

त्यापेक्षा डेकचा स्क्रीनवरचा कीबोर्ड सुधारा राव. दरवेळी स्टीम आणि एक्स ही बटणं दाबून तो वर आणायचा, मग तो अर्धी स्क्रीन खाणार. बाकी टॅब घरात आहेच. पोरगी सोडत नाही, हा भाग वेगळा.