ई-सायकलची बॅटरी काढताना ठिणगी उडते, काय करू?

म्हापशाहून: माझी ४८ व्होल्टची ई-सायकल आहे, पावसाळ्यात बॅटरी काढून घरात चार्ज करतो, काल परत बसवताना चट्ट करून ठिणगी उडाली आणि एका पिनवर काळा डाग पडला, शॉक बसेल का हो? बायको तर हातच लावू देत नाही आता.

डिचोलीकर: बसवताना किल्ली ऑन होती का? मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, रिकामे असतात, ते एकदम करंट ओढतात म्हणून ठिणगी. आधी किल्ली ऑफ, मगच बॅटरी सरकवायची, तीही अर्धवट न थांबता एका दमात. ऑफ असूनही बारीक चट्ट होऊ शकतं, पण डाग वाढत असेल तर पिन सैल आहे, मेकॅनिकला दाखवा.

वास्कोचा सायकलवाला: ४८ ची बॅटरी फुल चार्जला साधारण ५४.६ व्होल्ट असते, कोरड्या हाताला सहसा शॉक जाणवत नाही, पण ओल्या हाताने नकोच. खरी भीती शॉर्टची, दोन्ही पिनांना पाना किंवा बोटातली अंगठी एकदम टेकली तर धातू लाल होतो, भाजतं. अंगठी, कडं काढूनच हात घाला. आणि आपल्याकडची खारी हवा, पिनांवर हिरवट थर चढतो, बॅटरी बाहेर काढून कोरड्या ब्रशने साफ करा.

म्हापशाहून: किल्ली ऑनच होती! हिरवट थर पण आहे. आजच बघतो, देव बरें करूं.